सोबतीचा अर्ज

चनमल्लप्पा कोनापुरेला विधान परिषद तोंडपाठ होती. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्याच्या रंगाच्या दुकानात कुणी डब्यावर बूड टेकलं आणि चहा सांगितला, की चहा येईपर्यंत हा सुरू व्हायचा. एकूण जागा अठ्ठ्याहत्तर. त्यातले तीस जण विधानसभेचे आमदार निवडतात. बावीस निवडतात महापालिका, झेडपी, नगरपालिकांतले सदस्य. सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे. उरलेले बारा राज्यपाल नेमतात. ती माणसं म्हणे साहित्य, कला, विज्ञान, सहकार नाहीतर समाजसेवेतली असावी लागतात. विधानसभा विसर्जित होते, परिषद होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश माणसं घरी जातात आणि तेवढीच नवी येऊन बसतात. ज्याला त्याला सहा वर्षं.

"म्हंजे मोडायची भानगडच न्हाय," तो म्हणायचा. "गावानं पाडलेला मानूस हितनं मंत्री हुतो. उनातानात दारोदार फिरायचं काम न्हाय. वरचं सभागृह म्हणत्यात त्याला ते उगंच न्हाय."

गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं आणि प्रायमरचा डबा उचलून चालायला लागायचं. कुणी हसायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही.

या पाठांतराच्या खाली जे होतं ते साधं होतं. तो जळत होता. त्या सभागृहात माणूस पाठवायला पाच वाटा आणि पाचांपैकी एकीवरही याला पाय ठेवायला जागा नाही. आमदार तो नव्हता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटून त्यानं कॉलेज सोडलं, म्हणून पदवीधर नाही. शिक्षक नाही. नगरसेवक नाही. राहता राहिले राज्यपाल, आणि राज्यपालांना बाळीवेस कुठं आहे ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

बरं, बाहेरच्यांवर जळावं तर तेही नाही. धाकटा भाऊ प्रभु हायस्कुलात शिकवायचा, त्याचं नाव शिक्षकांतही होतं आणि पदवीधरांतही. मुलगी काव्या पदवी घेऊन बसली होती, तीन वर्षं उलटल्यावर तिनं मोबाईलवरूनच पदवीधर म्हणून नाव लावून घेतलं होतं आणि बापाला नुसतं सांगितलं होतं. आणि बायको हेमावती, अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात कन्नड शाळेत दहावी झालेली, ती तर नगरसेविका. घरात परिषदेचं मत नसलेली माणसं दोनच. एक तो आणि दुसरी त्याची आई ईरम्मा. ईरम्माला त्याचं काही वाटत नव्हतं.

हेमावती नगरसेविका झाली ती त्याच्याच हातानं. प्रभागात दहा वर्षं गटारं उपसून घेतली यानं, पाण्याच्या टँकरच्या पुढं मोटरसायकल पळवली यानं, मयतीला खांदा दिला यानं, आणि आरक्षणाच्या सोडतीत चिठ्ठी निघाली महिलेची. मग यानं बायकोला उभी केली. फ्लेक्सवर तिचा फोटो जेवढा, तेवढाच याचा, हात जोडून. ती निवडून आली आणि लोक याला नगरसेवक म्हणू लागले. तिच्या नावाचं लेटरहेड याच्या गल्ल्याच्या खणात असायचं, खाली सह्या आधीच करून घेतलेल्या. सभेत ती खाली बसायची, हा वरच्या गॅलरीत. हात वर करायचा तेव्हा हा खोकायचा. ती करायची.

असं होतं तोवर तो तिच्यावर जळत नव्हता. आपल्या हातातल्या वस्तूवर कुणी जळत नाही.

मग परिषदेची निवडणूक लागली. बरीच वर्षं पालिकांवर प्रशासक होते, मतदारच नव्हते, म्हणून सोलापूरची ही जागा रिकामी पडली होती. आता सदस्य आले आणि त्यांना अचानक भाव आला. पक्षानं उमेदवारी दिली माढ्याच्या धोंडीराम आबांना. आबांचा सगळा कारभार बघायचा युवराज नावाचा पोरगेला माणूस. पांढरे बूट, कानात कायम कसली तरी पांढरी गोळी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्यालाच भेटायला जन्माला आला. तो घरी आला, कोचावर बसला आणि हेमावतीकडं तोंड करून बोलू लागला.

"ताई, मत तुमचं हाय. तुमच्याशीच बोलायचं."

"बोला की," चनमल्लप्पा म्हणाला. "मी हाय न्हवं."

"अण्णा, तुमी तर हायच. पण ताईंना ऐकू द्या."

हेमावती पदर सावरून ऐकत होती. युवराजनं सांगितलं की सगळ्या सदस्यांनी चार दिवस बाहेर जायचं, आणि यायचं ते थेट मतदानालाच.

"कुटं जायचं?" चनमल्लप्पानं विचारलं.

"ते आमालाबी अजून सांगितलं न्हाय."

"मी पन येतो."

"नवऱ्यांना न्हाय अण्णा."

"का?"

"मागं एकदा नवरे नेले हुते. बायका जाग्यावर राहिल्या आणि नवरे फुटले."

ईरम्मा दात नसलेलं हसली. काव्या दारात उभी होती, ती हसली. आणि हेमावतीही हसली. थोडंच, पदर तोंडाला लावून. पण चनमल्लप्पानं ते बघितलं आणि ठेवून घेतलं.

युवराज गेल्यावर तो म्हणाला, "जायाची गरज न्हाय. मत काय, मी सांगीन तितं देशील."

"पक्षानं सांगितलंय न्हवं," हेमावती म्हणाली. "न गेले तर म्हणतील फुटली."

"नवरा न्हाय म्हणतो, ते सांग त्यांना."

"सुम्म कूड," ईरम्मानं त्याला गप्प बसायला सांगितलं. "जाऊ दे की तिला. लगीन झाल्यापासनं श्रीशैलला सुदिक नेला न्हाईस."

ती गेली. तिनं स्वतः बॅग भरली, तेव्हा हा दारात उभा राहून बघत होता.

"ती निळी कशाला घेतलीस? लग्नाला चाललीस का?"

"चार दिवस एकच नेसू का?"

"आनि हे पावडरचं?"

"ते काव्याचं हाय. ती म्हणाली घेऊन जा."

बसमध्ये चढल्यावर तिनं हात हलवला. कुणाला हलवला ते त्याला नीट दिसलं नाही. बसच्या दाराशी युवराज उभा होता आणि एकेका बाईची बॅग उचलून आत देत होता. हेमावतीची बॅगही त्यानंच उचलली.

फोन सगळ्यांचे काढून घेतले होते. चनमल्लप्पा सारखा युवराजला फोन करायचा.

"हेमाला दे."

"ताई मिटिंगमधी हायेत, अण्णा."

"कसली मिटिंग? कोन घेतंय?"

"ताईच घेतात की."

त्याला वाटलं हा थट्टा करतोय. थट्टा नव्हती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. फरशीचं काम करणारा आदिनाथ दुकानात आला, डब्यावर बसला, आणि चहा सांगायच्या आधी त्यानं मोबाईल पुढं केला.

"अण्णा, वहिनी लई भारी बोलल्या की. बगितला का न्हाय?"

व्हिडिओत एक हॉल होता, खुर्च्यांवर बायाबाप्ये बसलेले, मागं धोंडीराम आबांचा मोठा फ्लेक्स. पुढं हेमावती, हातात माईक. साडी ती निळीही नव्हती. सगळ्यांना सारखी दिलेली, डाळिंबी रंगाची. आणि ती बोलत होती. आधी मराठीतून, मग अक्कलकोटकडच्या सदस्यांकडं वळून कन्नडमधून. एकूण जागा अठ्ठ्याहत्तर. तीस आमदार निवडतात. बावीस आपण. सात, सात, आणि राज्यपालांचे बारा. मत द्यायचं ते शिक्का मारून नाही, आकडा लिहून. पहिल्या पसंतीला एक. वाटलं तर दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तिथं दिलेल्या जांभळ्या पेनानंच लिहायचं. बरोबरची खूण केली, नाव लिहिलं, सही केली की मत गेलं.

एकेक शब्द त्याचा होता. डब्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला तो जे सांगायचा तेच, त्याच क्रमानं. दुकानाला लागूनच घर; आतल्या खोलीतून, भाकरी थापताना, ही वर्षानुवर्षं ऐकत होती आणि त्यानं कधी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

मग ती व्हिडिओत म्हणाली, "बारा जण राज्यपाल नेमत्यात. कलावाले, साहित्यवाले. आमच्या ह्यांनी बी निम्म्या सोलापूरच्या भिंती रंगवल्या, पण त्यांना अजून बोलावणं आलं न्हाय."

हॉलमध्ये हशा फुटला. माणसं खुर्चीत मागं रेलून हसत होती. धोंडीराम आबा टाळ्या वाजवत होते. युवराज पुढं आला आणि त्यानं तिला पाण्याची बाटली दिली. टोपण काढून दिली.

आदिनाथही हसत होता. मग त्यानं चनमल्लप्पाकडं बघितलं आणि थांबला.

"हे माझं हाय," चनमल्लप्पा म्हणाला.

"काय?"

"बोलली ते. सगळं माझं हाय. मी सांगितलेलं."

"असंल की," आदिनाथ म्हणाला. "आमी बी ऐकलंय तुमच्याकडनं. पण तुमी सांगताना हसू कुटं यायचं?"

आदिनाथ गेल्यावर त्यानं तो व्हिडिओ मागवून घेतला आणि पुन्हा पुन्हा बघितला. भाषण नाही बघितलं. बाटलीचं टोपण बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण बायकोला टोपण काढून बाटली दिली होती का, हे तो आठवत बसला आणि आठवत नाही म्हणून युवराजला शिव्या घालत राहिला. मनात येऊ नये ते सगळं मनात आलं. पण युवराजपेक्षाही त्याला जास्त बोचत होता तो माईक. बाई कुणाबरोबर हसली हे माणूस कधी तरी गिळतो. बाई आपल्यापेक्षा बरी बोलली, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. घरात बसून लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या कितीतरी पुरुषांच्या घशाखाली ते उतरत नाही; हा एकटा होता असं नाही.

आणि मग त्याला नियम आठवला. हाही त्याचाच, दुकानात सांगून झालेला. मतदाराला लिहिता-वाचता येत नसेल, दिसत नसेल, हात चालत नसेल, तर सोबती नेता येतो. सोबती आत जातो, पडद्यामागं जातो, आणि आकडा सोबतीच लिहितो. आधी अर्ज तेवढा द्यावा लागतो. पक्षांनी या नियमाचा पार चोथा केलाय हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या सदस्याचा भरवसा नाही त्याला एका दिवसापुरता अडाणी करायचा आणि आपला माणूस सोबत घुसवायचा. शिकलेली-सवरलेली माणसं मतदानाच्या दिवशी अंगठे देतात आणि दुसऱ्या दिवशी फाईलवर शेरे मारतात.

चनमल्लप्पानं मनाला समजावून सांगितलं. हेमाची शाळा कन्नड. मराठी वाचताना ती अडखळते. अडखळणं म्हणजे न येणंच की. मत वाया जाण्यापेक्षा आपण सोबत असलेलं बरं. हे त्यानं मनाला सांगितलं आणि मनानं ऐकून घेतलं, पण खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याला ते जांभळं पेन आपल्या हातात पाहिजे होतं. आणि व्हिडिओ बघितलेल्या सगळ्या गावाला दाखवायचं होतं, की माईक कुणाच्याही हातात देऊ दे, ही बाई अंगठेबहाद्दर आहे.

त्याचं अक्षर सुरेख होतं. त्यानं अर्ज लिहिला. मी, सौ. हेमावती चनमल्लप्पा कोनापुरे, मला लिहिता-वाचता येत नसल्याने माझे मत नोंदविण्याकामी साहाय्यार्थ माझे पती यांना सोबत येण्यास परवानगी मिळावी. खाली अर्जदाराचा अंगठा. अर्जदार कुठल्या तरी रिसॉर्टवर डाळिंबी साडी नेसून बसली होती. त्यानं दुकानाच्या शिक्क्याचं पॅड उघडलं. बाईचा डावा असतो की उजवा, यावर जरा अडला. मग आपलाच डावा ठोकला.

जळणाऱ्या माणसाला पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही. निवडणुकीच्या शपथपत्रात तिचं शिक्षण 'दहावी उत्तीर्ण' असं यानंच लिहिलं होतं. आता ती अडाणी ठरली, तर शपथपत्र खोटं ठरणार आणि पराभूत उमेदवार ते घेऊन कोर्टाची पायरी चढणार. ती अडाणी नाही ठरली, तर अंगठा खोटा ठरणार. यातलं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. तो तहसिलीत गेला, अर्ज दिला, पोच घेतली.

जेवताना काव्यानं विचारलं, "अप्पा, अंगठा निळा कशानं झालाय?"

"रंग लागलाय दुकानातला."

"स्टँपपॅडची शाई विकताव का आता?"

"गप जेव."

ती गप्प जेवली, पण ताटावरून त्याच्याकडं बघत राहिली.

मतदानाच्या दिवशी तो इस्त्रीचे पांढरे कपडे घालून तहसिलीच्या आवारात जाऊन उभा राहिला. ऊन चढलं होतं. बस आली. डाळिंबी साड्यांची रांग उतरली, डोक्याला सगळ्यांच्या फेटे. हेमावतीच्या डोळ्यावर काळा चष्मा होता. तिनं त्याला बघितलं, चष्मा काढला आणि सरळ त्याच्याकडं आली.

"आलाव व्हय? नाष्टा केलाव का?"

"चष्मा कुणी दिला?"

"सगळ्यांना दिलाय."

"बरं, ऐक. मी तुजा सोबती म्हणून आत येनार हाय. अर्ज दिलाय."

"कसला सोबती?"

"तुला लिहिता येत न्हाय असा अर्ज दिलाय. आत इचारलं तर नुस्ती मान हलव."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, जसं पाणी जमिनीत मुरतं.

"अर्जावर माजी सही कुटं हाय?" तिनं विचारलं.

"अंगठा हाय."

"कुणाचा?"

त्यानं डावा हात खिशात घातला. मागं युवराज येऊन उभा राहिला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"अण्णा, हे काय करून ठेवलाव," तो म्हणाला. "आमाला इचारायचं तरी."

"माजी बायको हाय. तुला काय इचारू?"

"तसं न्हाय. सोबतीच द्यायचा हुता, तर आमचा मानूस दिला असता. तुमी आत जाऊन कुणाला लिहिणार, आमाला काय म्हाईत?"

हेमावतीनं वळून युवराजकडं बघितलं. चार दिवस हा तिला ताई ताई करत होता. याच ताईच्या हातात त्यानं माईक दिला होता आणि सगळ्या हॉलला मत कसं द्यायचं ते शिकवायला लावलं होतं. आता तिला लिहिता येत नाही या गोष्टीला त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती सोबती कोण याला.

"चला," ती एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

आत टेबलामागं केंद्राध्यक्ष बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. बाजूच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. पडद्याच्या जागी एक पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागं टेबल.

"हेमावती कोनापुरे," बाईंनी नाव घेतलं आणि कागद चाळले. "तुमचा सोबतीसाठी अर्ज आहे. तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही?"

बाकावरच्या एकानं मान वर केली. त्यानं व्हिडिओ बघितलेला होता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं.

हेमावतीनं मान हलवली असती तर सगळं पटकन मिटलं असतं. नवरा आत गेला असता, आकडा लिहिला असता, दोघं घरी गेली असती. आणि तिची दहावी तिथंच टेबलावर मेली असती, मागाहून खुर्चीही गेली असती. नाही म्हटलं असतं तर खोट्या अंगठ्याचा कागद आणि कागदाचा धनी, दोघं त्याच खोलीत उभे होते. चनमल्लप्पा तिच्या मागं उभा राहून हळूच खोकला. सभेत खोकायचा तसा.

"मॅडम, अर्ज बगू का जरा?" ती म्हणाली.

बाईंनी कागद पुढं केला. हेमावतीनं तो दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागली. मोठ्यानं.

"मी, सौभाग्यवती हेमावती चनमल्लप्पा कोनापुरे. मला... लिहिता वाचता येत... नसल्याने."

ती एकेका शब्दावर बोट ठेवून पुढं सरकत होती, अडखळत होती, मागं येत होती आणि पुन्हा पुढं जात होती.

"माझे मत नोंद... नोंदविण्याकामी. साहा... साहाय्या..."

"साहाय्यार्थ," मागून चनमल्लप्पा म्हणाला. त्याला राहवलं नाही. चुकलेला शब्द दुरुस्त करायची त्याची सवय होती.

"तुम्ही मधे बोलू नका," केंद्राध्यक्ष बाई म्हणाल्या.

"साहाय्यार्थ माझे पती यांना सोबत येण्यास परवानगी मिळावी," हेमावतीनं वाक्य संपवलं आणि कागद टेबलावर ठेवला. बाकावरचा प्रतिनिधी हसू दाबता दाबता खोकायला लागला.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे येतं तुम्हाला वाचायला."

"येतं मॅडम. लिहायला बी येतं. हळू येतं."

"मग हा अंगठा कुणाचा?"

हेमावती वळली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नीट, पायापासून वरपर्यंत. काय शोधत होती कोण जाणे. त्यानं तेव्हा एकदा जरी मान खाली घातली असती, चुकलं म्हणून नुसते ओठ हलवले असते, तर कदाचित ती म्हणाली असती, मला माहीत नाही. पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून टेबलावर ठेवलेल्या जांभळ्या पेनाकडं बघत होता.

"ह्यांचा," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याचा हाय. अक्षर बी त्यांचंच."

"खरं का हो?" बाईंनी त्याला विचारलं.

"मॅडम, तिचं मराठी कच्चं हाय. कन्नड शाळेतली हाय ती. मत बाद हुऊ ने म्हणून..."

"मी अंगठा कुणाचा ते विचारलं."

चनमल्लप्पानं डाव्या हाताची मूठ केली आणि अंगठा आत घेतला. सगळ्यांनी ते बघितलं.

"अर्ज फेटाळते," बाई म्हणाल्या आणि कागद वेगळा काढून ठेवला. "तुम्ही दाराबाहेर थांबा. निघून जाऊ नका, तुमचा जबाब घ्यायचाय. पुढं काय करायचं ते वरचे साहेब ठरवतील." मग हेमावतीकडं वळून त्यांनी रजिस्टर पुढं केलं. "इथं सही करा."

तिनं सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली, पेन घेतलं आणि आडोशामागं गेली.

दारात चनमल्लप्पाशेजारी हवालदार उभा होता. खोटा कागद, पोलीस केस, दुकान, अब्रू, गावभर होणारी चर्चा, हे सगळं त्याला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं ते भलतंच. हिला आत वेळ लागतोय. आडोशाखाली तिचे पाय दिसत होते, चपला नव्या होत्या. एक लिहायला एवढा वेळ लागत नाही. रेघ ओढली की झाला. म्हणजे ती दोन लिहीत असणार. तीनही लिहीत असणार. म्हणजे विचार करून लिहितेय. पाच उमेदवार होते. आबांना एक दिला असेल, त्या टोपणवाल्याच्या शब्दाखातर? का युवराजचं ते बोलणं ऐकून मुद्दाम दुसऱ्याला दिला? आणि दोन कुणाला? सगळ्या सभागृहाचा हिशेब ज्याला तोंडपाठ, त्याला आपल्या बायकोच्या एका कागदावरचे आकडे कळणार नव्हते, आणि ते कधीच कळू नयेत अशीच सगळी व्यवस्था होती. तीही तो दुकानात समजावून सांगायचा.

ती बाहेर आली. घडी केलेली मतपत्रिका पेटीत टाकली, बाईंना नमस्कार केला आणि दारातून त्याच्यासमोरून पुढं गेली. तो तिच्या मागं निघाला.

"थांबा, तुमाला थांबायला सांगितलंय," हवालदार म्हणाला.

"हे बगा, हितंच हाय मी. हेमा. ए हेमा."

ती पायऱ्यांवर थांबली.

"एक कुणाला दिलीस?"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालाव?"

"एक. एक नंबर कुणाला लिहिलीस? आबांना?"

आवारात डाळिंबी साड्या फोटोसाठी एका झाडाखाली गोळा होत होत्या आणि कुणीतरी तिला हाका मारत होतं.

"मला लिहिता येत न्हाय असं लिहून दिलाव की तुमी," ती म्हणाली. "मग काय लिहिलं ते मला कशाला इचारताव?"

आणि ती पायऱ्या उतरून गेली.

हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला कोनापुरे. मॅडम बोलवतायत."

"येतो की," तो म्हणाला. मग दारातूनच मान काढून ओरडला, "बरं, एकचं राहू दे. दोन कुणाला दिलीस, तेवढं सांग."